टर्मिनलमध्ये चालतो, आयडीईत का पडतो? युनिक्स पद्धतीचे प्रोग्राम बिल्ड आणि डीबग करण्याची वाट

टर्मिनलमध्ये ‘मेक’ (मेकफाइलमधल्या नियमांनुसार कोडपासून प्रोग्राम बनवणारं साधन) म्हटलं की प्रोग्राम बनतो, चालतो, उत्तर देतो. तोच कोड आयडीईमध्ये (एडिटर, बिल्ड आणि डीबगर एकाच खिडकीत देणारं साधन) उघडून हिरवा त्रिकोण दाबला की कधी डेटा फाइल सापडत नाही, कधी ब्रेकपॉइंट (डीबगरने जिथे थांबायचं ती खूण) पोकळ दिसतो, तर कधी नुसतंच ‘एक्झिट कोड १३९’ उमटतं. दोन-तीनदा असं झालं की माणूस आयडीई बंद करतो आणि पुन्हा प्रिंटएफकडे वळतो. खरं तर बिघाड बहुधा आयडीईतही नसतो.

युनिक्समध्ये प्रोग्राम सुरू होताना त्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडून चार गोष्टी मिळतात: आर्ग्युमेंट्स, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, चालू डिरेक्टरी, आणि ०, १, २ या क्रमांकांच्या तीन उघड्या वाटा (इनपुट, आउटपुट, एरर). टर्मिनलमध्ये ही शिदोरी शेल (आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) बांधून देतं. आयडीईत ती आयडीई बांधते, आणि आपल्याला न विचारता जरा वेगळी बांधते. पुढच्या पायऱ्यांत वेगवेगळ्या अडचणी येतील, पण त्यातल्या बऱ्याच या एकाच फरकातून निघालेल्या आहेत.

एक सूचना: आज्ञा आणि फ्लॅग इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमनमध्ये, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळून.

उदाहरणाचा प्रोग्राम

समजा ‘मोजणी’ नावाचा सी प्रोग्राम आहे. दिलेल्या फायली वाचून कोणता शब्द किती वेळा आला ते तो छापतो. फाइल दिली नाही तर स्टँडर्ड इनपुटवरून वाचतो. ‘आणि’, ‘किंवा’ असले शब्द मोजायचे नाहीत, म्हणून ‘डेटा’ डिरेक्टरीतली ‘वगळ’ नावाची यादी आधी उघडतो. तीन सोर्स फायली, एक हेडर, एक मेकफाइल, एवढाच पसारा. त्यात दोन चुका मुद्दाम ठेवल्या आहेत, त्या ओघात भेटतीलच.

पायरी १: आधी टर्मिनलमध्ये, नीट फ्लॅग देऊन

आयडीई उघडायची घाई नको. जो प्रोजेक्ट टर्मिनलमध्ये एका आज्ञेत बनत नाही तो आयडीईत आणला, तर चूक कुठल्या बाजूला आहे हेच कळत नाही.

मेकफाइलमधल्या सीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये चार गोष्टी हव्यात. ‘डॅश जी’मुळे ड्वॉर्फ नावाच्या फॉरमॅटमधली डीबग माहिती तयार होते: कोणती सूचना कोणत्या ओळीची, कोणतं व्हेरिएबल कुठे. ‘डॅश मोठा ओ शून्य’मुळे ऑप्टिमायझेशन बंद होतं. ते चालू असेल तर डीबगरमध्ये एकेक ओळ पुढे जाताना कर्सर बेडकासारख्या उड्या मारतो आणि निम्म्या व्हेरिएबलांसमोर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ लिहून येतं. जीसीसीमध्ये ‘डॅश मोठा ओ, लहान जी’ हा मधला पर्याय आहे, पण शोधाशोध करायची असेल तर मी सरळ शून्यच ठेवतो. उरलेल्या दोन गोष्टी म्हणजे ‘डब्ल्यू ऑल’ आणि ‘डब्ल्यू एक्स्ट्रा’ हे इशारे. पहिल्याच्या नावात ‘ऑल’ असलं तरी तो सगळे इशारे देत नाही, म्हणून दुसरा.

याशिवाय ‘डॅश एमएमडी’ द्या आणि त्यातून बनणाऱ्या डिपेंडन्सी फायली मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा. हे केलं नाही तर हेडरमधलं स्ट्रक्चर बदलूनही जुन्या ऑब्जेक्ट फायली तशाच राहतात. एक फाइल नव्या मांडणीने लिहिते, दुसरी जुन्या मांडणीने वाचते, आणि तुम्ही निर्दोष कोडमध्ये दिवसभर चूक शोधत बसता. विचित्र, समजेनासं काही दिसलं की सगळ्यात आधी ‘मेक क्लीन’ करून बघावं.

लिंकिंगबद्दल एकच: लायब्ररीची नावं ऑब्जेक्ट फायलींच्या नंतर लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. स्टॅटिक लायब्ररी आधी आली तर तोवर तिची गरज कुणी सांगितलेलीच नसते, आणि पुढे ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो.

आणि टॅब. मेकफाइलमध्ये रेसिपीची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते, स्पेसने नाही. बरेच एडिटर टॅबच्या जागी गुपचूप चार स्पेस घालतात आणि मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. हा नियम गैरसोयीचा आहे हे त्यांना लवकरच कळलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांची अडचण नको म्हणून नियम तसाच राहिला. त्या डझनभरांपायी आपण अजून टॅब मोजतोय. आयडीईच्या सेटिंगमध्ये मेकफाइलपुरता ‘टॅब तसाच ठेवा’ हा पर्याय निवडा.

पायरी २: आयडीईला तीच मेकफाइल वापरायला लावा

इथे एक मोह होतो: आयडीईच्या ‘न्यू प्रोजेक्ट’मध्ये सगळ्या फायली ओढून टाकायच्या. टाळा. मग बिल्डच्या दोन व्याख्या तयार होतात आणि काही दिवसांत त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात. बिल्डचा धनी मेकफाइल, आयडीईने फक्त तिला हाक मारायची.

एक्लिप्समध्ये यासाठी ‘मेकफाइल प्रोजेक्ट विथ एक्झिस्टिंग कोड’ आहे. एक्सकोडमध्ये ‘एक्स्टर्नल बिल्ड सिस्टिम’ प्रकारचं टार्गेट बनवता येतं. व्हीएस कोडमध्ये ‘टास्क्स’ची जेसन फाइल लिहून तिच्यात मेकची आज्ञा द्यायची आणि ‘प्रॉब्लेम मॅचर’ म्हणून डॉलर-जीसीसी हा तयार मॅचर लावायचा. सीलायन मेकफाइल आणि सीमेक दोन्ही थेट उघडतो.

एररवर क्लिक केलं की ती ओळ उघडते त्यात जादू काही नाही. कंपायलर ‘फाइल, ओळ, स्तंभ, एरर’ असं कोलनने तोडून छापतो आणि आयडीई तो मजकूर वाचते. तो मजकूर बिघडला की क्लिक बिघडतं. मेक उपडिरेक्टरींत उतरत असेल तर ‘एंटरिंग डिरेक्टरी’ या ओळी बंद करू नका, सापेक्ष पाथ कुठून मोजायचा हे आयडीईला त्यांवरूनच कळतं. ‘डॅश जे’ने समांतर बिल्ड करताना चार कंपायलरांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. जीएनयू मेक ४.० पासून त्यावर ‘आउटपुट सिंक’चा पर्याय आहे. मॅकवर मात्र ॲपलच्या साधनांसोबत येणारं मेक ३.८१ आहे, त्यात तो मिळणार नाही. कंपायलरचे संदेश दुसऱ्या भाषेत येत असतील तर बिल्डच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘एलसी ऑल’ची किंमत ‘सी’ ठेवा.

टर्मिनलमध्ये सापडणारा कंपायलर आयडीईला सापडत नाही, ही तक्रारही नेहमीची. कारण साधं आहे: तुमच्या शेलच्या आरसी फाइलमध्ये (शेल सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) वाढवलेला ‘पाथ’, म्हणजे आज्ञा कुठे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी, फक्त त्या शेलला माहीत असतो. आयडीई चिन्हावर क्लिक करून सुरू केली तर ती फाइल बहुधा वाचलीच जात नाही. खात्री करून घ्यायची असेल तर आयडीई एकदा टर्मिनलमधूनच सुरू करून बघा. तेव्हा चाललं तर दोष पाथचा.

कोड व्यवस्थित बिल्ड होतोय, तरी एडिटरमध्ये इन्क्लूडच्या ओळींखाली लाल रेघा दिसतात? एडिटरला फ्लॅग माहीत नाहीत म्हणून. ‘कंपाइल कमांड्स’ नावाची जेसन फाइल प्रत्येक सोर्स फाइल कोणत्या आज्ञेने कंपाइल होते ते सांगते, आणि क्लँगडी (एडिटरला कोड समजावून देणारं साधन) तीच वाचतो. सीमेक ती मागितली की बनवून देतं. साध्या मेकसाठी ‘बेअर’ नावाचं साधन चालू बिल्डवर नजर ठेवून ती बनवतं. त्याआधी ‘मेक क्लीन’ करायला विसरू नका, कारण जे कंपाइलच झालं नाही त्याची नोंद बेअरकडे येत नाही.

पायरी ३: शिदोरी बांधा

आता रन कॉन्फिगरेशन. व्हीएस कोडमध्ये ती ‘लाँच’ जेसन, एक्सकोडमध्ये स्कीम, एक्लिप्समध्ये ‘रन कॉन्फिगरेशन्स’. नाव काहीही असो, चार खाने शोधा आणि चारही स्वतः भरा. डीफॉल्टवर सोडू नका.

आर्ग्युमेंट्स. टर्मिनलमध्ये ‘मोजणी’पुढे फुली-डॉट-टीएक्सटी (फुली म्हणजे तारांकन) लिहिलं की त्या फुलीच्या जागी फायलींची नावं शेल घालतं, प्रोग्रामला फुली दिसतच नाही. आयडीईच्या खान्यात तेच लिहिलं तर मध्ये शेल असेलच असं नाही. काही ठिकाणी असतं, काही ठिकाणी नसतं. नसलं की प्रोग्राम खरोखरच फुली नावाची फाइल शोधायला लागतो. घराची डिरेक्टरी दाखवणारं नागमोडी चिन्ह आणि डॉलरने सुरू होणारी व्हेरिएबल्स यांचंही तेच. पूर्ण पाथ लिहा, वाद मिटतो.

चालू डिरेक्टरी. कधी ती प्रोजेक्टची असते, कधी बिल्डची, कधी एक्सकोडच्या डिराइव्ह्ड डेटामधली खोल कुठली तरी. ‘डेटा’तली ‘वगळ’ यादी सापडत नाही ती इथेच. स्कीममध्ये ‘यूज कस्टम वर्किंग डिरेक्टरी’वर खूण करा, व्हीएस कोडमध्ये ‘सीडब्ल्यूडी’ भरा.

एन्व्हायर्नमेंट. स्वतःच्या शेअर्ड लायब्ररी असतील तर लिनक्सवर ‘एलडी लायब्ररी पाथ’ इथे द्यावा लागतो. मॅकवर ‘डीवायएलडी’ने सुरू होणारी व्हेरिएबल्स यूएसआर-बिनमधल्या एन्व्हसारख्या संरक्षित प्रोग्राममधून जाताना गाळली जातात. मध्ये एखादी शेल स्क्रिप्ट असेल तर ती का पोचली नाहीत याचं उत्तर तिथे आहे.

तीन वाटा. याच सगळ्यात जास्त फसवतात. टर्मिनलकडे जाणारं स्टँडर्ड आउटपुट ओळ पूर्ण झाली की बाहेर पडतं. तेच पाइपकडे जात असेल तर बफर भरेपर्यंत आतच साचून राहतं. आयडीईची आउटपुट खिडकी बऱ्याचदा टर्मिनल नसते, पाइप असते. मग होतं असं: ‘इथवर आलो’ हे वाक्य छापल्यानंतर प्रोग्राम कोसळतो, बफरमधलं वाक्य त्याच्यासोबतच जातं, आणि तुम्ही समजता की प्रोग्राम तिथवर पोचलाच नाही. मागोवा घेण्यासाठी छापायचं ते स्टँडर्ड एररवर छापा, ते बफर होत नाही.

इनपुट फाइलमधून द्यायचं असेल तर जीडीबी या डीबगरमध्ये ‘रन’पुढे शेलसारखंच रिडायरेक्शन लिहिता येतं, कारण युनिक्सवर जीडीबी आपला प्रोग्राम सहसा शेलमार्फतच सुरू करतो. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये ‘प्रोसेस लाँच डॅश आय’ आणि फाइलचं नाव.

पायरी ४: पहिली चूक, कोड १३९

‘मोजणी’ आयडीईतून चालवला आणि १३९ आला. शेलच्या रिवाजानुसार सिग्नलने मेलेल्या प्रोग्रामचा कोड म्हणजे १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक. इथे तो ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट: प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. १३४ दिसला तर ६, म्हणजे प्रोग्रामने स्वतः ॲबॉर्ट केलं. १३७ दिसला तर ९, बाहेरून कुणीतरी मारलं, आणि लिनक्सवर तो मारेकरी अनेकदा मेमरी संपल्यावर धावून येणारा कर्नलच असतो. १२७ मात्र वेगळा: आज्ञाच सापडली नाही.

डीबगमध्ये चालवलं की कर्सर सी लायब्ररीच्या पोटात, एफगेट्सच्या आत थांबतो. नवखा माणूस इथे घाबरतो, लायब्ररीतच बग सापडला की काय! कॉल स्टॅकच्या खिडकीत आपल्या स्वतःच्या फंक्शनपर्यंत खाली या आणि त्या फ्रेमवर क्लिक करा. व्हेरिएबलांच्या खिडकीत फाइल पॉइंटर शून्य दिसतो. एफओपनने नल दिलं, आपण ते तपासलं नाही, तसंच पुढे रेटलं. टर्मिनलमध्ये चालू डिरेक्टरी बरोबर होती म्हणून ही चूक झाकलेली होती.

रन कॉन्फिगरेशनमध्ये डिरेक्टरी दुरुस्त केली की क्रॅश थांबेल, पण एवढ्यावर सोडू नका. उद्या वापरणारा दुसऱ्याच डिरेक्टरीतून चालवेल. नल तपासा, पीएररने कारण छापा, शून्याखेरीज कोड देऊन बाहेर पडा.

पायरी ५: दुसरी चूक, जी जागा बदलते

इंग्रजी मजकुरावर ‘मोजणी’ झकास चालतो. मराठी मजकुरावर कधी आकडे भलतेच येतात, कधी यादी छापताना कोसळतो. दर वेळी वेगळी जागा. जागा बदलणारा क्रॅश म्हणजे मेमरी आधीच कुठेतरी बिघडलेली आहे, दिसतंय ते फक्त नंतरचं फळ.

प्रत्येक शब्दाच्या नोंदीची मेमरी मॅलॉक या फंक्शनने वेगळी घेतली आहे: ३२ बाइटचा शब्द, ४ बाइटची संख्या, ८ बाइटचा ‘पुढची नोंद’ पॉइंटर. मधलं ४ बाइटचं पॅडिंग धरून ४८. संख्या आणि पॉइंटर आधी भरले जातात, मग एसटीआरकॉपीने (मजकूर उतरवणारं फंक्शन) शब्द. ३२ बाइट ऐसपैस वाटतात. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘विद्यार्थ्यांसाठी’ या शब्दात अशी १७ चिन्हं आहेत. म्हणजे ५१ बाइट, वर शेवटचं शून्य, एकूण ५२. शब्द आपली खोली ओलांडून संख्येवरून आणि पॉइंटरवरून चालत गेला.

याचा सुगावा डीबगरमध्ये डोळ्यांनी लागतो. कोसळलेल्या फ्रेममधला पॉइंटर हेक्समध्ये बघा: ए०ए४ई०बीईए४ई०बी८ए४. खरा पॉइंटर असा दिसत नाही. देवनागरी यूटीएफ-८ ची सुरुवात ई० ने होते आणि पाठोपाठ ए४ किंवा ए५ येतो. पॉइंटरमध्ये ए४ तीनदा आणि ई० दोनदा दिसले, म्हणजे तिथे पत्ता नाही, मजकूर बसलाय. बाइट उलट्या क्रमाने दिसतात, कारण नेहमीचे प्रोसेसर लिटल-एंडियन आहेत, म्हणजे संख्येचा शेवटचा बाइट मेमरीत आधी ठेवतात.

कोणी लिहिलं ते पकडायला वॉचपॉइंट, म्हणजे ठरावीक जागेतली किंमत बदलली की थांबवणारी खूण. नोंद तयार झाल्याच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा. शब्दाची लांबी ३१ पेक्षा जास्त असेल तरच थांब, अशी अट घाला, नाहीतर हजार वेळा ‘कंटिन्यू’ दाबत बसाल. थांबल्यावर नोंदीतल्या पॉइंटरवर वॉचपॉइंट लावून पुढे सोडा. एसटीआरकॉपीने तिथे हात घातला की डीबगर जागीच थांबतो. एक्स८६ वर हार्डवेअर वॉचपॉइंटसाठी ४ च रजिस्टर असतात, म्हणून जपून वापरा. त्याहून जास्त मागितले तर प्रोग्राम पुढे सोडताना जीडीबी ‘वॉचपॉइंट लावता आला नाही’ अशी तक्रार करतो.

एवढी शोधाशोध एकदा शिकण्यासाठी करावी. रोजच्या कामात मात्र ॲड्रेस सॅनिटायझर: ‘एफसॅनिटाइझ’ला ‘ॲड्रेस’ ही किंमत, कंपाइल करताना आणि लिंक करतानाही. दुसऱ्या वेळी विसरलात तर लिंकर अनडिफाइन्ड रेफरन्सची रांग लावतो. प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो, पण पहिल्याच चुकीच्या लिखाणावर थांबून सांगतो: हीप-बफर-ओव्हरफ्लो, ५२ बाइट लिहिले, ४८ बाइटचा तुकडा इथे घेतला होता, अमुक ओळीवर. व्हॅलग्रिंडही हे सांगतो, पुन्हा कंपाइल न करता, पण तो दसपटीहून जास्त संथ होऊ शकतो. सोर्स हाताशी असेल तर मी सॅनिटायझरच घेतो.

सॅनिटायझर डीबगरखाली चालवताना ‘एसॅन ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दोन गोष्टी घाला. ‘ॲबॉर्ट ऑन एरर’ १, म्हणजे चूक सापडताच डीबगर त्या जागी थांबेल. आणि लिनक्सवर ‘डिटेक्ट लीक्स’ ०, कारण गळती शोधणारा भाग डीबगरखाली काम करत नाही आणि शेवटी स्वतःच तक्रार करून पडतो. गळती शोधायची ती डीबगरशिवाय चालवून.

पायरी ६: आडवाटा

पोकळ ब्रेकपॉइंट. बहुधा ‘डॅश जी’ राहिलेला असतो, किंवा डीबगर भलतीच जुनी बायनरी चालवत असतो. बिल्ड दुसऱ्या मशिनवर किंवा कंटेनरमध्ये झालं असेल तर डीबग माहितीतले सोर्सचे पाथ तिकडचे असतात. जीडीबीमध्ये ‘सेट सब्स्टिट्यूट-पाथ’ने ते बदलून द्या. मॅकवर आणखी एक गंमत आहे: डीबग माहिती ऑब्जेक्ट फायलींतच राहते, बायनरीत फक्त त्यांचा पत्ता असतो. स्वच्छतेच्या भरात त्या फायली पुसल्या तर ब्रेकपॉइंटही गेले. पुसायच्याच असतील तर आधी ‘डीसिमयुटिल’ चालवा.

‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टवाले जुने प्रोजेक्ट. ते वेगळ्या बिल्ड डिरेक्टरीतून कॉन्फिगर करा, त्याच वेळी सीफ्लॅग्ज द्या, सोर्सची डिरेक्टरी स्वच्छ राहते. प्रोजेक्ट लिबटूल वापरत असेल तर बिल्ड डिरेक्टरीत दिसणारा ‘प्रोग्राम’ अनेकदा शेल स्क्रिप्ट असतो, आणि डीबगर ‘फाइल फॉरमॅट ओळखता येत नाही’ म्हणतो. खरी बायनरी ‘डॉट-लिब्ज’ या लपलेल्या डिरेक्टरीत असते. तिथे बोट दाखवा आणि लायब्ररी पाथ स्वतः द्या, किंवा टर्मिनलमध्ये ‘लिबटूल, मोड एक्झिक्यूट’ या मार्गाने जीडीबी सुरू करा.

फोर्क करणारे प्रोग्राम, म्हणजे स्वतःची प्रत काढून नवी ‘मूल’ प्रोसेस सुरू करणारे. जीडीबी मूळ प्रोसेसलाच धरून राहतो, म्हणून मुलाच्या कोडमधला ब्रेकपॉइंट लागत नाही. ‘सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड’ ही आज्ञा डीबग कन्सोलमध्ये द्या. व्हीएस कोडच्या कन्सोलमध्ये जीडीबीच्या आज्ञेआधी ‘डॅश एक्झेक’ लिहावं लागतं.

पूर्ण पडदा वापरणारे प्रोग्राम, म्हणजे एनकर्सेसवाले एडिटर किंवा मेनू. आयडीईच्या खिडकीत त्यांचा चिखल होतो. खऱ्या टर्मिनलमध्ये ‘जीडीबीसर्व्हर’खाली प्रोग्राम सुरू करा, त्याला एक पोर्ट द्या, आणि आयडीईतून त्या पोर्टला जोडा. पडदा तिकडे, ब्रेकपॉइंट इकडे. चालू असलेल्या प्रोसेसला थेट जोडायचं असेल आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येत असेल, तर उबुंटूसारख्या लिनक्सवर यामा या सुरक्षा मॉड्यूलचं ‘पीट्रेस स्कोप’ १ असतं. त्यामुळे प्रोसेसला फक्त तिची पूर्वज प्रोसेस धरू शकते. स्वतःच्या मशिनवर तात्पुरतं ते ० करता येतं.

आणि कधीमधीच, तेही कुणी बघत नसताना कोसळणारा प्रोग्राम. त्याच्यासाठी डीबगर लावून बसू नका, कोअर फाइल (कोसळल्या क्षणीच्या मेमरीची प्रत) मागा. शेलमध्ये ‘यूलिमिट डॅश सी’ची मर्यादा बहुतेक ठिकाणी ० असते, ती ‘अनलिमिटेड’ करा. सिस्टमडी असलेल्या बऱ्याच लिनक्सवर कोअर चालू डिरेक्टरीत न पडता एका ठिकाणी जमा होते आणि ‘कोअरडम्पसीटीएल’ने यादी मिळते. त्याच साधनाला ‘डीबग’ म्हटलं की जीडीबी थेट कोसळल्या क्षणी उघडतो: स्टॅक, व्हेरिएबल्स, सगळं जागच्या जागी. फक्त ती बायनरी पुन्हा बिल्ड करू नका. एक ओळ जरी बदलली तरी कोअरमधले पत्ते आणि सोर्सच्या ओळी एकमेकांना ओळखत नाहीत. कोअर आली की आधी बायनरीची प्रत बाजूला काढून ठेवायची, मगच कोडला हात लावायचा.